नळीचं दुसरं टोक

नानांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं, आणि ते नको तिकडे गेलं.

तशी सकाळ अगदी जमून आली होती. थंडी सरली होती, वेलींचे डोळे फुगून मऊ झाले होते, ओळींमध्ये मुद्दाम वाढवलेल्या हिरवळीला पिवळी फुलं आली होती आणि त्यांच्यावर मधमाश्यांचं काम जोरात चाललं होतं. नव्या वाइनरीवर छप्पर चढलं होतं. आठ दिवसांपूर्वी घातलेला कोबा वाळून पांढुरका पडला होता. शुक्रवारी स्टीलच्या टाक्या यायच्या होत्या, आणि त्याआधी जमिनीचा उतार तपासून घ्यायचा होता. पाणी ओतायचं, ते मळ्याकडच्या नालीत जाताना बघायचं, चहा प्यायचा आणि कामाला लागायचं, एवढाच खरा बेत. पण नानांनी त्याचा समारंभ केला. ठेवणीतला कोट चढवला, घरातल्या सगळ्यांना हाका मारमारून गोळा केलं, मिस्त्रीला टोपी काढायला लावली आणि काठोकाठ भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलली.

पाणी पसरलं, जरा थबकलं, आणि नालीकडे पाठ फिरवून रस्त्याच्या बाजूला निघालं. सावकाश निघालं, पण निघालं. लाकडी पिंपं ठेवायच्या खोलीला अजून दार बसलेलं नव्हतं. त्या मोकळ्या चौकटीतून ते सरळ आत शिरलं.

माई सगळ्यांच्या मागे चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाण्याकडे बघितलंच नाही, नानांच्या पाठीकडे बघितलं. एवढी वर्षं संसार केल्यावर माणसाची पाठही बोलते, आणि ती पाठ आता ताठ होत चालली होती.

"पहिलं पाणी कोबा पितो," मिस्त्री म्हणाला. भला माणूस होता. "अजून एक ओता."

दुसरी बादलीही तिकडेच गेली, फक्त जास्त लवकर.

"इंजिनिअर," नानांनी हाक मारली. जावयाला ते याच नावाने हाक मारायचे. जावई बांधकामाची कामं घेणारा माणूस. इंजिनिअर नव्हता, आणि नानांना ते पक्कं माहीत होतं. "नाली कुठे आहे?"

"मळ्याकडे, नाना."

"आणि पाणी कुठे चाललंय?"

जावयाच्या आधी पुढे आली ती त्याची बायको, नानांची थोरली. ही वाइनरी तिची. वाइन बनवायचं शिक्षण घेऊन, दहा ठिकाणी दुसऱ्यांच्या टाक्या धुऊन ती दोन वर्षांपूर्वी नवऱ्यासह घरी परतली होती. तेव्हापासून मळ्यात फवारणीच्या विषाचा एक थेंब पडला नव्हता. आजवर मळ्यातली द्राक्षं भरून दुसऱ्यांच्या दारात जायची. या वर्षी पहिल्यांदा ती घरातच थांबणार होती.

"नाना, उंचीच्या खुणा कुठून घेतल्या ते सांगा ना सगळ्यांना," थोरली म्हणाली. "हा पातळी मोजायचं यंत्र लावत होता. तुम्ही ते पेटीत ठेवायला लावलंत. म्हणालात, जुन्या शेडच्या जमिनीवरून खुणा घे, ती सरळ आहे."

"आहेच सरळ."

"मग पाणी उलटं का गेलं?"

"ते मी विचारतोय." नानांनी कोटाच्या खिशातून काचेची गोटी काढली. ही गोटी अख्ख्या गावाला ठाऊक होती. जुनी शेड नानांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतः बांधली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते घरापुरती द्राक्षं पिळायच्या प्रेसशेजारी नेऊन जमिनीवर गोटी ठेवून दाखवायचे. गोटी जागची हलायची नाही. "चाळीस वर्षं ही हलली नाही. माझ्या जमिनीने कधी कुणाला फसवलं नाही. तुमच्या कोब्याने आठ दिवसांत फसवलं."

"चूक माझी आहे," जावई म्हणाला.

"तुझी कशी?" थोरली त्याच्यावरच उखडली.

"यंत्र लावायला हवं होतं. कुणी नको म्हटलं तरी लावायला हवं होतं. काम माझं होतं." तो नानांकडे वळला. "शुक्रवारच्या आत वरून उताराचा नवा थर घालून देतो. टाक्या बसवून देतो. मग शहरातलं ते काम घेतो मी. त्यांना सोमवारपर्यंत कळवायचं आहे."

"हे आपलं ठरलं नव्हतं," थोरली हळू म्हणाली.

"नव्हतं. आता ठरलं."

शहर चार तासांवर होतं. थोरलीने नवऱ्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग ओल्या कोब्याकडे, आणि बाहेर निघून गेली. माईंच्या हातातली किटली एकदम जड झाली. तो गेला तर आज ना उद्या ती जाणार. ती गेली तर या चार भिंतींमध्ये कोण काय करणार? नाना गोटी ठेवून दाखवणार, दुसरं काय.

माईंना एक गोष्ट माहीत होती, जी, त्यांच्या समजुतीप्रमाणे, त्या खोलीत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. जुनी जमीन सरळ नव्हती.

*

जुनी शेड नव्या वाइनरीला पाठ लावून उभी होती. मधली लांब भिंत दोघींची एकच. या भिंतीवरच्या खुणा धरून नवा कोबा घातला गेला होता. शेडमध्ये प्रेस होतं, भांड्यांची फडताळं होती, औजारांचं कपाट होतं आणि पंधरा माणसं बसतील असं लांब टेबल होतं. मळ्यात काम निघालं की सगळ्यांचं जेवण इथेच व्हायचं.

माईंनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं. मग पायाने, न बघता, टेबलाच्या रस्त्याकडच्या पायाखालची पाचर चाचपून बघितली. होती जागेवर. ही त्यांची चाळीस वर्षांची सवय होती.

शेडमध्ये अशा एकोणीस पाचरी होत्या. टेबलाखाली दोन, कपाटाखाली दोन, प्रत्येक फडताळाखाली दोनदोन, पिंपांच्या घोडीखाली, अगदी पाण्याच्या माठाच्या तिवईखालीसुद्धा. छाटून टाकलेल्या जुन्या वेलींच्या खोडांतून माईंनी त्या स्वतः तासल्या होत्या. आता त्या जमिनीसारख्याच काळ्या झाल्या होत्या आणि शोधल्याशिवाय दिसत नव्हत्या. जमीन रस्त्याकडे चार बोटं खाली होती. धुतलं की पाणी त्या कोपऱ्यात जायचं आणि तिथल्या भोकातून बाहेर पडायचं. जमीन धुणाऱ्याला हे पहिल्या दिवशीच कळलं असतं. पण नानांनी ती कधी धुतली नव्हती. घरात कुणी झाडू-बादली हातात घेतली, की माई म्हणायच्या, "राहू दे, शेडचं मी बघते." आणि गोटी? प्रेसच्या शेजारी जमिनीला पहिल्यापासून एक खळगा होता. नाना गोटी नेमकी त्यात ठेवायचे.

"माई, ताटल्या किती?" सूनबाई आत आली. धाकट्या मुलाची बायको; शाळेत शिकवायची, आज मुद्दाम रजा काढून आली होती. तिच्या नजरेतून वर्गातल्या शेवटच्या बाकावरची चुळबुळ सुटत नसे.

"सात. मिस्त्री धरून."

सूनबाईने ताटल्या मांडल्या. मांडता मांडता म्हणाली, "एक विचारू? टेबलाखाली पाचर आहे, ती तुम्ही लावलीत ना?"

माईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"गेल्या वर्षी तुम्ही घरी नसताना झाडायला घेतलं, तेव्हा कपाटाखालची निघून आली," सूनबाई म्हणाली. "कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. मी घाबरून परत ठोकली. मग बघितलं, तर सगळीकडेच आहेत. म्हटलं, कुणी लावल्या असतील तर काही कारणाने लावल्या असतील."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

माई बाकावर टेकल्या. कधीतरी कुणाला तरी सांगायचं होतंच. ते सुनेलाच सांगावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं. "शेड बांधली तेव्हा यंत्रं कुठली असणार. लांब पारदर्शक नळी असायची, पाणी भरलेली. एक टोक यांच्याकडे, दुसरं माझ्याकडे. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर थांबतं ना, त्यावरून खुणा करायच्या. माझ्या टोकाचं पाणी माझ्या खुणेवर आलं की मी 'बरोबर' म्हणायचं, आणि यांनी तिकडे रेघ ओढायची."

"मग?"

"थोरली तीन महिन्यांची होती. टोपलीत ठेवली होती, तिथे, दाराशी. भुकेने किंचाळत होती. माझं पोलकं भिजलं होतं. नळीतलं पाणी वरखाली होत होतं, ते थांबायचं नाव घेईना. हे तिकडून विचारत होते, बरोबर? बरोबर? आणि मी म्हटलं, बरोबर."

सूनबाईने जराशी मान तिरकी केली. "म्हणजे चूक वन्संची. रडत होत्या त्या."

माईंना हसू आलं, आणि आलं तसं गेलं. "हसण्यावारी नेऊ नकोस. दुसऱ्या महिन्यात जमीन धुतली तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी हे दारावर तारीख कोरत होते. जीभ बाहेर काढून, लहान मुलासारखे. मी काय सांगणार होते? म्हटलं, उद्या सांगेन. मग एक पाचर लावली. मग दुसरी."

"आणि आता?"

"आता सांगितलं तर यांचा मान जातो. नाही सांगितलं तर जावई जातो."

"आणि तुमचं काय जातं, माई?"

माईंनी कापडावरची न पडलेली सुरकुती सारखी केली. "हे विचारतील, इतकी वर्षं खोटं का वागलीस. त्याला माझ्यापाशी उत्तर नाही."

*

जेवायला बोलवायच्या निमित्ताने माई मळ्यात गेल्या. छाटलेल्या फांद्यांच्या टोकांतून पाणी टपकत होतं. दर वसंतात वेली अशा टपकतात आणि दर वसंतात माई दोन थेंब बोटावर घेऊन डोळ्यांना लावतात. त्याने काय होतं हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आज त्या तशाच पुढे गेल्या.

ओळीच्या टोकाला धाकटा मेंढ्या हाकत होता. हिवाळाभर मेंढ्या वेलींमधलं गवत खातात, पण डोळे फुटायला लागले की त्यांना बाहेर काढावं लागतं, नाहीतर वर्षाचं पीक दोन दिवसांत त्यांच्या पोटात. चोवीस मेंढ्यांना हे पटवणं हे धाकट्याचं आजचं काम होतं.

"भाऊजींनी असं करायला नको होतं," तो म्हणाला. "नानांचं ऐकायचं तर नीट ऐकायचं."

"तू ऐकतोस नीट?"

"मी ऐकतो आणि मग मला हवं ते करतो. भाऊजी ऐकतात आणि खरंच तसं करतात. तिथेच फसले." एक मेंढी पुन्हा ओळीत घुसली आणि तो तिच्यामागे धावला. धावता धावता ओरडून म्हणाला, "पण ताईला जाऊ देऊ नकोस, आई. या सगळ्याचं मी एकटा काय करू?"

म्हणजे हाही शेवटी थोरलीच्याच बाजूचा, माईंच्या मनात आलं, आणि त्यांना बरं वाटलं.

जावई वाइनरीच्या मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. शेजारी यंत्राची पेटी उघडी होती. माईंना बघून त्याने ती घाईने बंद केली.

"मोजलंत," माई म्हणाल्या.

तो क्षणभर नाही म्हणायच्या बेतात होता. पण माईंसमोर त्याला खोटं बोलता येत नसे. "तुम्ही सगळे बाहेर आलात तेव्हा शेडमध्ये जाऊन आलो. चार बोटं उतार आहे, रस्त्याकडे. मी नालीकडे तीन बोटं द्यायला गेलो. चारातून तीन गेले, एक उलटा उरला."

"मग सांगा ना तसं. तुमच्यावरचा आळ जाईल."

"नको." त्याने पेटीची कडी लावली. "लग्नाला बारा वर्षं झाली. नानांनी मला आजवर एकच गोष्ट दिली, ती जमीन. म्हणाले, यावरून खुणा घे. मला इतकं बरं वाटलं की मी यंत्र पेटीत ठेवलं. मोजायला गेलो असतो तर त्यांना वाटलं असतं, मी त्यांच्यावर संशय घेतोय. आता मोजलेलं दाखवू? सगळ्यांसमोर? त्यांच्याकडे त्या गोटीशिवाय आहे काय दुसरं फुशारकी मारायला?"

"आणि तुमच्याकडे?"

"माझं काय, मी दुसरीकडे काम करीन. तुम्हीही बोलू नका, माई. तुम्हाला माझी शपथ."

माईंनी त्याच्याकडे बघितलं. सिमेंटने पांढरे झालेले केस, गुडघ्यावर फाटलेली विजार. हा माणूस नेमका त्यांच्यासारखा होता. दुसऱ्याचं मन राखायला स्वतः खाली वाकणार आणि वर कुणाला कळूही देणार नाही. आपण केलं ते माया म्हणून केलं असं त्या इतकी वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या. तेच दुसऱ्या कुणी केलेलं बघितल्यावर त्यांना त्यात वेडेपणाच जास्त दिसला. आणि त्यांच्या वाट्याला निदान वेडेपणाची शिक्षा नव्हती. ती या पोराला भोगावी लागणार होती.

"मला शपथा घालू नका. मी कुणाचीच पाळत नाही," त्या म्हणाल्या. "चला, जेवायला चला. हात धुऊन या."

*

जेवणाला सगळे बसले. नाना टेबलाच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. थोरली नवऱ्याशेजारी बसली होती, पण दोघांच्या मध्ये अजून एक माणूस बसला असता. धाकट्याच्या अंगाला मेंढ्यांचा वास येत होता. मिस्त्रीला शांतता सहन होईना.

"जमीन मात्र झकास आहे हां, नाना," तो म्हणाला. "जुनं काम ते जुनं काम."

झालं. नानांनी चमचा खाली ठेवला आणि गोटी काढली. "बघा मिस्त्री. जमीन सोडा, या टेबलावर ठेवतो." गोटी पांढऱ्या कापडावर, बरोबर मधोमध, शांत उभी राहिली. "हलते? चार पाय सरळ जमिनीवर आहेत, म्हणून हलत नाही. त्याला बांधणाऱ्याची नजर हवी."

जावई ताटलीत बघत होता. थोरलीच्या नाकपुड्या थरथरल्या. ती आता काहीतरी असं बोलणार होती जे मागे घेता आलं नसतं.

"थांब," माई तिला म्हणाल्या, आणि उठल्या.

त्या टेबलाच्या टोकाशी, नानांजवळ गेल्या. सूनबाई कुणी न सांगता उठली आणि टेबलाचा दुसरा कोपरा धरला. "उचलू?" तिने विचारलं. "उचल," माई म्हणाल्या. त्या खाली वाकल्या, एक पाचर ओढली, मग दुसरी. टेबल दोन बोटं खाली बसलं. सूपच्या भांड्यात चमचे किणकिणले.

गोटी जरा वेळ थांबली, आणि मग निघाली. धाकट्याच्या ताटलीजवळून, पावाच्या टोपलीला वळसा घालून, सरळ नानांकडे आली आणि त्यांच्या मांडीवर पडली.

माईंनी दोन्ही पाचरी नानांच्या ताटलीशेजारी ठेवल्या.

"जमीन चार बोटं उतरती आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी धुते ती."

नाना पाचरींकडे बघत राहिले. माई पुढे म्हणाल्या, "तुमच्या हाताची चूक नाही. नळीचं दुसरं टोक माझ्याकडे होतं. पाणी हलत होतं, पोर रडत होतं, आणि मी न थांबता बरोबर म्हणाले. मग सांगायचं राहिलं. जावईबापूंनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तुम्ही माझ्या. खोटा माझाच निघाला. आता कुणाला बोलायचं असेल तर मला बोला."

नानांनी एक पाचर उलटून बघितली.

"अशा किती आहेत?" नानांनी विचारलं.

"एकोणीस."

नानांनी गोटी खिशात टाकली, दोन्ही पाचरी उचलल्या आणि उठून बाहेर गेले. कोट खुर्चीवर तसाच राहिला. धाकटा त्यांच्यामागे निघाला, पण माईंनी त्याला हाताने बसवलं.

थोरलीने नवऱ्याकडे वळून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सकाळी मोजलं."

"आणि तरी चूक स्वतःवर घेऊन निघून जाणार होतास. मला सोडून?"

"तुला कशाला सोडतोय," तो पुटपुटला.

"मला न विचारता म्हणजे सोडूनच." तिने त्याच्या ताटलीतला पाव उचलून खायला सुरुवात केली. राग गेला की ती असंच करायची, हे माईंना ती तीन वर्षांची असल्यापासून माहीत होतं. "तू आणि आई. एका वेळी एक पुरे होता मला."

*

चार वाजता माई भांडी घेऊन शेडकडे आल्या, तर आतून पाण्याचा आवाज आला. नाना बाह्या सरसावून उभे होते. हातात रिकामी बादली, पायांत भिजलेले बूट. जमिनीवरून पाणी ऐटीत रस्त्याकडच्या कोपऱ्यात चाललं होतं.

"सातवी बादली आहे," ते म्हणाले. "दर वेळी तिकडेच जातं."

"जाणारच."

"आणि ते भोक? तू तर म्हणाली होतीस, उंदराने केलं."

"छिन्नीने केलं मी. तुम्ही बाजाराला गेला होता तेव्हा."

नानांचे खांदे हलायला लागले. माई घाबरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की ते हसतायत. आवाज न करता, डोळे पुसत हसतायत. "मी त्या उंदरासाठी तीन सापळे आणले होते," ते म्हणाले.

"त्यात पनीरही घातलं होतंत. ते मी खाल्लं."

हसणं हळूहळू थांबलं. माई वाट बघत राहिल्या. आता तो प्रश्न येणार, खोटं का वागलीस, आणि त्याला उत्तर नाही. नानांनी बादली उपडी ठेवली आणि तिच्यावर बसले. समोर ओळीने पाचरी मांडून ठेवल्या होत्या, एकोणीसच्या एकोणीस. प्रत्येक फडताळाखाली हात घालून त्यांनी त्या काढल्या होत्या.

"हे सगळं काढायला दोन तास लागले मला," ते म्हणाले. "कंबर मोडली. तू दर वर्षी तपासत असशील."

"वर्षातून दोनदा. ओल धरली की सैल होतात."

"म्हणजे किती वेळा वाकलीस तू?"

माईंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांना एकदम रडू आलं. चाळीस वर्षांत त्यांनी सगळी उत्तरं तयार करून ठेवली होती, पण हा प्रश्न त्यात नव्हता.

"अगं, पोर रडत होतं आणि मला पेन्सिलीची घाई झाली होती," नाना म्हणाले. "मी येऊन बघायला हवं होतं. लांबून नुसतं बरोबर का, बरोबर का. असं विचारल्यावर माणूस काय सांगणार." ते उठले, खांद्यावरचा पंचा काढून माईंना दिला आणि म्हणाले, "डोळे पूस. काम आहे."

नव्या वाइनरीत जावई आणि मिस्त्री नव्या थरासाठी भिंतीवर खुणा करायच्या तयारीत होते. थोरली कोब्यावर उकिडवी बसून नालीची जाळी साफ करत होती. नाना दारात उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर लांब पारदर्शक नळीचं वेटोळं होतं. जुनी नळी केव्हाच कडक होऊन तुटली होती. ही मळ्याला पाणी द्यायच्या सामानातून कापून आणलेली होती.

"जावईबापू," ते म्हणाले.

जावयाने मागे वळून बघितलं, हाक दुसऱ्याच कुणाला असल्यासारखं.

"तुमच्या यंत्राला मी पेटीत घातलं, ती माझी चूक. आता बाहेर काढा. माझ्या जमिनीवरून काही घेऊ नका. आणि सोमवारी त्या शहरवाल्यांना नाही म्हणून कळवा." ते थांबले. पुढचा शब्द त्यांना जड गेला, पण त्यांनी तो उचलला. "ही विनंती आहे."

जावयाने थोरलीकडे बघितलं.

"कळवेल तो," ती जाळीवरून मान वर न करता म्हणाली. "सोमवारपर्यंत थांबायचं काही कारण नाही, आजच कळवेल."

"बरं," जावई म्हणाला. "कळवतो." तो पेटी उघडायला वाकला.

"दोन मिनिटं," नाना म्हणाले. "आधी आम्हाला एकदा नळी धरू द्या. मग तुम्ही तुमच्या यंत्राने तपासा. चुकलं तर सगळ्यांसमोर सांगा, लाजू नका."

त्यांनी नळीत पाणी भरून तिचं एक टोक माईंच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन खोलीच्या पार त्या टोकाला, रस्त्याकडच्या भिंतीपाशी गेले. माई मळ्याकडच्या भिंतीला, जावयाने काढलेल्या खुणेशी उभ्या राहिल्या. उघड्या खिडकीतून फुलांचा आणि मेंढ्यांचा मिसळलेला वास येत होता. मधे सगळी खोली होती, आणि जमिनीवर सैल पडलेली नळी.

"बरोबर?" नानांनी विचारलं. पेन्सिल भिंतीला टेकलेली होती.

नळीतलं पाणी वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. "थांबा," माई म्हणाल्या.

नाना थांबले. थोरलीने जाळी खाली ठेवली. मेंढ्यांचा नाद सोडून धाकटा दारात येऊन उभा राहिला होता, आणि सूनबाई त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"आता?"

"अजून हलतंय."

"हलू दे. मला कसली घाई नाही," नाना म्हणाले, आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली.

माईंनी नळी दोन्ही हातांनी धरली आणि पाण्याच्या कडेवर नजर लावली. ते कमी कमी हलत गेलं, थरथरलं, आणि मग स्वच्छ, निवांत थांबलं. या भिंतीवर ते खुणेच्या दोन बोटं खाली होतं.

"थांबलं," त्या म्हणाल्या. "पण बरोबर नाही. तुमचं टोक खाली आहे. वर घ्या."

नानांनी टोक वर घेतलं. "एवढं?"

"अजून."

"आता?"

"जरासं अजून. हां. धरून ठेवा." पाणी पुन्हा हललं, आणि माई पुन्हा थांबल्या. त्यांनी ते पुरतं थांबू दिलं. मग मान वर केली आणि खोलीच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आता बरोबर."

नानांनी त्यांना पुन्हा विचारलं नाही. कानावरची पेन्सिल घेतली आणि रेघ ओढली.